ओड : एका गैरसमजाची कुळकथा

‘ओड’ म्हणजे मुळात नुसते गाणे. ग्रीक भाषेत गाण्याची क्रिया दाखवणाऱ्या धातूपासून निघालेला हा शब्द लॅटिन आणि फ्रेंच अशी वळणे घेत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत रुजला, आणि या प्रवासात त्याचे बरेच सामान वाटेत सांडले. नाच गेला, वाद्ये गेली, चाल गेली. लंडनच्या छापखान्यात तो पोचला तेव्हा हाती उरला होता कागदावरचा मजकूर आणि कुणाला तरी उद्देशून भारदस्त आवाजात बोलण्याची एक ढब. १५८४ ते १७५७ या पावणेदोनशे वर्षांत इंग्रज कवींनी ओड म्हणून जे लिहिले, त्यात ही सांडलवंड कशाने भरून काढायची याचीच खटपट दिसते. या खटपटीत एक मोठा गैरसमजही झाला, आणि इंग्रजी ओड बऱ्याच अंशी त्या गैरसमजावरच वाढली.

ओडचा मूळपुरुष पिंडर. इसवी सनापूर्वी सुमारे ५१८ मध्ये थीब्ज नगराजवळ तो जन्मला. ऑलिंपिया, डेल्फी, नेमिया आणि कॉरिंथची संयोगभूमी या चार ठिकाणच्या क्रीडामहोत्सवांतील विजेत्यांसाठी त्याने रचलेल्या सुमारे पंचेचाळीस विजयगीतांचे चार ग्रंथ टिकून राहिले आहेत. ही गीते मोबदला घेऊन लिहिलेली होती. रथशर्यत असेल तर स्तुती रथ हाकणाऱ्याची नव्हे, घोड्यांच्या धन्याची. मग तो सिराक्यूजचा राजा हायेरॉन का असेना. विजेता, त्याचे कुळ, त्याचे नगर, त्या कुळाशी जोडलेली एखादी देवादिकांची कथा आणि मधूनमधून माणसाच्या मर्यादेविषयी चार शब्द, असा मजकुराचा ऐवज असे. पण एका विषयावरून दुसऱ्यावर जाताना पिंडर पूल बांधत नाही, उडी मारतो. शर्यतीवरून थेट देवांच्या मेजवानीवर, तिथून नीतिवचनावर आणि तिथून पुन्हा घोड्यावर.

ही गीते गायकवृंद नाचत गात असे. कडव्यांची रचना तिहेरी होती. पहिले कडवे ‘स्ट्रोफी’ म्हणजे वळण, दुसरे ‘अँटिस्ट्रोफी’ म्हणजे उलट वळण, आणि तिसरे ‘इपोड’. वृंद पहिल्या कडव्याला एका अंगाने फिरे, दुसऱ्याला उलट अंगाने, आणि तिसऱ्याला जागच्या जागी उभा राही, असे परंपरेने सांगितले जाते. पहिल्या दोन कडव्यांचे वृत्त अक्षर न् अक्षर जुळते, तिसऱ्याचे वेगळे असते. मग हीच तिकडी पुढे पुन्हा येते आणि तिथली कडवी आधीच्या तिकडीशी तंतोतंत जुळतात. म्हणजे वरून बेबंद वाटणाऱ्या या रचनेचा सांगाडा अतिशय कडक आहे. पण तो कानाला आणि पायांना कळणारा सांगाडा होता. डफ-तुणतुण्यावाचून, झील धरणाऱ्यांवाचून पोवाडा नुसता छापून हाती दिला तर त्याचे जे होईल, तेच पिंडरचे झाले. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५१३ मध्ये पिंडर प्रथम छापला. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी पाडलेल्या आखूड, विषम ओळी त्यात होत्या, आणि डोळ्यांना त्या विस्कटलेल्याच दिसत.

दुसरा पूर्वज होरेस. हा रोमन कवी आणि त्याचा घाट पिंडरच्या नेमका उलट. त्याच्या चार पुस्तकांत मिळून १०३ ओड्स आहेत. पहिली तीन पुस्तके इ.स.पू. २३ मध्ये एकत्र बाहेर पडली. त्याच्याकडे वृंद नाही, एकच आवाज आहे. तिकडी नाही, बहुतेक ठिकाणी चार-चार चरणांची सारखी कडवी आहेत. ग्रीक कवयित्री सॅफो आणि कवी अल्सियस यांची वृत्ते त्याने लॅटिनमध्ये घोटून बसवली. ही वृत्ते लघु-गुरूंच्या ठरावीक क्रमावर चालतात, त्यामुळे अक्षरगणवृत्ते कानावर असलेल्या मराठी वाचकाला त्यांचे तत्त्व चटकन कळते. इंग्रज वाचकाला ते अवघड जाई, कारण इंग्रजी छंद आघात मोजतो, काळ मोजत नाही. होरेसने मित्राला, सेवकाला, मद्याच्या सुरईला, झऱ्याला उद्देशून लिहिले. पिंडरची बरोबरी करू पाहणाऱ्याचे पंख मेणाचे असतात आणि त्याच्या नशिबी समुद्रच असतो, असा इशाराही त्याने चौथ्या पुस्तकात देऊन ठेवला. इंग्रजी ओडच्या त्या पावणेदोनशे वर्षांत तो इशारा सगळ्यांनी वाचला आणि फार थोड्यांनी मानला.

मद्य आणि प्रेम यांवरच्या चुटकेवजा ग्रीक गीतांचा एक संग्रह आनाक्रेऑनच्या नावावर आन्री एस्तिएनने १५५४ मध्ये पॅरिसला छापला, तो ओडचा तिसरा झरा. त्यातून इंग्रजीला बरीच गोड पानगीते मिळाली, मोठी कविता मिळाली नाही.

इंग्रजांना हे सगळे आधी मिळाले ते फ्रेंच हातून. पिएर द रोन्सारने १५५० मध्ये ओड्सची चार पुस्तके एकदम प्रसिद्ध केली आणि पिंडरची तिकडी फ्रेंच राजदरबारात नेऊन बसवली. त्याचे अनुकरण इंग्रजीत पहिल्यांदा केले जॉन सूदर्न नावाच्या एका अल्पख्यात कवीने. १५८४ च्या त्याच्या ‘पँडोरा’ या पुस्तकात ऑक्सफर्डच्या अर्लची स्तुती करणारी ओड आहे, तिला स्ट्रोफी-अँटिस्ट्रोफी-इपोड अशी रीतसर लेबले आहेत, आणि पिंडरला इंग्रजीत आणणारा पहिला मीच, असा डंकाही पिटलेला आहे. कविता मात्र ओबडधोबड, आणि फ्रेंच शब्द तसेच्या तसे उचललेले. पाचच वर्षांनी, १५८९ मध्ये, जॉर्ज पटनमच्या नावावर असलेल्या काव्यशास्त्रात या चोरीचा नाव न घेता खरपूस समाचार घेतला गेला. इंग्रजी ओडचा जन्म हा असा उसनवारीच्या बोभाट्यात झालेला आहे. तरीही मायकल ड्रेटनने १६०६ मध्ये स्वतःच्या ओड्स छापताना या सूदर्नची आदराने आठवण काढली, ही त्याची दिलदारी. ड्रेटनने प्रस्तावनेत ओडचे प्रकारही सांगितले: पिंडरची उंच, आनाक्रेऑनची शृंगारिक आणि होरेसची या दोहोंमधली. पुढची शंभर वर्षे टीकाकार हीच वाटणी फिरवून फिरवून सांगत राहिले.

तोवर शब्द चांगलाच चलनात आला होता. शेक्सपिअरच्या ‘अॅज यू लाइक इट’ नाटकात रानातल्या झाडाझुडपांवर प्रेमकविता टांगत सुटलेल्या तरुणाची टर उडवली जाते, तेव्हा त्या टवाळीत ओडचे नाव येते. प्रेक्षकांना शब्द कळत असल्याशिवाय नाटककार त्यावर हशा मागत नाही.

राणी एलिझाबेथच्या काळातील खरी मोठी ओड मात्र त्या नावाने आलेलीच नाही. एडमंड स्पेन्सरचे ‘एपिथलेमियन’ हे विवाहगीत १५९५ मध्ये छापले गेले. ते त्याने आपल्याच लग्नासाठी लिहिले होते. वधू एलिझाबेथ बॉइल, स्थळ आयर्लंड, दिवस ११ जून १५९४, म्हणजे त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे वर्षातला सर्वांत मोठा दिवस. घाट इटालियन ‘कांझोने’चा: लांब-आखूड ओळींची मोठी कडवी आणि प्रत्येक कडव्याअखेर पालटत येणारे ध्रुपद, ज्यात रान गाण्याला प्रतिसाद देते. या कवितेत तेवीस कडवी आणि एक छोटे भरतवाक्य आहे, मिळून चोवीस. केंट हायट या अमेरिकन अभ्यासकाने १९६० मध्ये दाखवून दिले की हे चोवीस दिवसाचे तास आहेत आणि कवितेतल्या लांब ओळी मोजल्या तर ३६५ भरतात. याहून नाजूक कारागिरी सतराव्या कडव्यात आहे. तिथे रात्र पडते, सख्या पांगतात, आणि तिथपर्यंत प्रत्येक वेळी होकार देणारे ध्रुपद नकारार्थी होते: रान आता उत्तर देणार नाही. आयर्लंडमधल्या त्या दिवशी उजेड जितके तास राहतो, जवळपास तितकीच कडवी तोवर उलटलेली असतात. साडेतीनशे वर्षे ही बेरीज कुणाच्या लक्षात आली नाही आणि कवितेचे काही बिघडलेही नाही. पण नृत्य गमावलेल्या प्रकाराला इथे काळाचा हिशेब हा नवा ताल मिळाला होता.

१६२९ हे वर्ष या इतिहासात विशेष मानावे लागते. त्या एका वर्षात, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन कवींनी, दोन टोकांच्या ओड्स लिहिल्या. एक होता बेन जॉन्सन, वय सत्तावन्न, आदल्या वर्षीच्या पक्षाघाताने खिळलेला, ताजे नाटक पडलेले. दुसरा जॉन मिल्टन, केंब्रिजचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी.

जॉन्सनची ओड सर लूशियस केरी आणि सर हेन्री मॉरिसन या दोन तरुण मित्रांवर आहे. मॉरिसन त्या वर्षी, विशी जेमतेम ओलांडून वारला. कविता १२८ ओळींची. चार तिकड्या, प्रत्येकीत दहा, दहा आणि बारा ओळींची कडवी. पिंडरची तिकडी इंग्रजीत अशी काटेकोर प्रथमच उतरली, आणि जॉन्सनने ग्रीक नावेही ठेवली नाहीत. साध्या इंग्रजीत ‘टर्न’, ‘काउंटर-टर्न’ आणि ‘स्टँड’ केले. सुरुवात विलक्षण आहे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने सॅगुंटम नगर लुटले तेव्हा जन्माला येता येता एक अर्भक बाहेरचा हाहाकार पाहून परत आईच्या गर्भात शिरले, ही जुनी आख्यायिका जॉन्सन शोकगीताच्या आरंभी ठेवतो. पिंडरची उडी म्हणतात ती हीच. मग मुद्दा येतो: आयुष्य लांबीने मोजायचे की घाटाने?

घाटाविषयी बोलणारी ही कविता स्वतःच्या घाटाशी काय खेळ करते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या तिकडीत कवी स्वतःचे नाव घेतो. ‘काउंटर-टर्न’ची शेवटची ओळ ‘बेन’ या शब्दावर संपते. मग कोरी जागा, मग ‘स्टँड’ हे शीर्षक, आणि त्याखाली नव्या कडव्याचा पहिला शब्द ‘जॉन्सन’. नावाचे दोन तुकडे झाले आणि मधे कडव्याची भिंत. वृंद फिरायचा थांबून उभा राहतो नेमक्या त्या क्षणी कवीचे आडनाव पडते. वाचणाऱ्याला ती फट ओलांडून नाव जोडून घ्यावे लागते. त्यानंतर काही ओळींनी ‘ट्वायलाइट्स’ हा शब्द तो ओळीच्या टोकाला मोडतो: ‘ट्वाय’ एका ओळीत, ‘लाइट्स’ पुढच्या. संधिप्रकाश या अर्थाचा शब्द फुटून त्यातून दोन ज्योती निघतात, कॅस्टर आणि पोलक्स, ज्यांतला एक मर्त्य आणि दुसरा अमर. या जुळ्यांची कथा पिंडरनेही सांगितलेली आहे. एक मित्र वर गेला, एक इथे राहिला, हे सांगण्याऐवजी जॉन्सनने शब्दच चिरून दाखवला. काहींना ही नुसती कसरत वाटली. पण मेलेल्या मित्राला जिवंत मित्रापासून तोडणाऱ्या रेषेबद्दलच्या कवितेत ओळीची रेषा अशी वापरली जाणे कसरतीच्या पलीकडचे आहे. ही ओड छापली गेली जॉन्सनच्या मृत्यूनंतर, १६४० च्या सुमारास. केरी पुढे लॉर्ड फॉकलंड झाला आणि १६४३ मध्ये न्यूबरीच्या लढाईत राजाच्या बाजूने पडला.

मिल्टनची ‘ऑन द मॉर्निंग ऑफ क्राइस्ट्स नेटिव्हिटी’ ही ओड १६२९ च्या नाताळातली. चार कडव्यांचा उपोद्घात आणि सत्तावीस कडव्यांचे स्तोत्र. उपोद्घातात कवी आपली ओड पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या आधी गव्हाणीपाशी पोचवायची घाई करतो, म्हणजे अर्पण करायची वस्तू हीच कविता. पिंडरचा विजेता इथे नवजात बाळ झाला आहे आणि हरलेल्यांच्या यादीत सगळे जुने देव आहेत. डेल्फीची देववाणी मुकी होते, वनदेवता रडतात, इजिप्तच्या आणि फिनिशियाच्या दैवतांची पळापळ होते. गंमत अशी, की कवितेतला सर्वांत भरघोस भाग या पळून जाणाऱ्यांचा आहे. ख्रिस्ती कवीचे मन त्यांना निरोप देताना रेंगाळते. १६४५ च्या आपल्या पहिल्या काव्यसंग्रहात मिल्टनने ही कविता सर्वांत आधी ठेवली. पिंडरची स्ट्रोफी-अँटिस्ट्रोफी त्याने पुढे वापरली ती लॅटिनमध्ये, आणि कारणही मजेशीर: ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला पाठवलेली त्याच्या कवितांची प्रत हरवली, ग्रंथपाल जॉन राउस याने दुसरी मागितली, तेव्हा १६४७ मध्ये त्या प्रतीसोबत त्याने एक लॅटिन ओड धाडली.

होरेसच्या वाटेने गेलेली एकच ओड सतराव्या शतकातून निवडायची तर ती अँड्र्यू मार्व्हेलची. राजा पहिला चार्ल्स याचा ३० जानेवारी १६४९ रोजी शिरच्छेद झाला. संसदेच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंड चिरडून १६५० च्या मे महिन्यात परतला आणि जुलैमध्ये स्कॉटलंडवर चालून गेला. या दोन तारखांच्या मधल्या काही आठवड्यांत ‘अॅन होरेशियन ओड अपॉन क्रॉमवेल्स रिटर्न फ्रॉम आयर्लंड’ ही १२० ओळींची कविता लिहिली गेली. दोन लांब ओळी, दोन आखूड ओळी, पुन्हा दोन लांब, दोन आखूड. लांब ओळ विधान करते आणि आखूड ओळ त्याला हलकेच खोडते. क्रॉमवेल इथे विजेसारखा आहे. विजेला दोष देता येत नाही, पण तिच्याखाली उभे राहावेसेही वाटत नाही. आणि क्रॉमवेलच्या स्तुतीला वाहिलेल्या या कवितेच्या ऐन मध्यावर वधमंच उभा आहे; तिथला चार्ल्स कसलाही हलकेपणा न करता मरतो. हे होरेसकडूनच शिकलेले. अॅक्टियमच्या विजयावरची होरेसची ओड रोमच्या जल्लोषाने सुरू होते आणि हरलेल्या क्लिओपात्राच्या ताठ मानेवर संपते. होरेस स्वतः फिलिपीच्या रणात ब्रूटसच्या बाजूने लढलेला, म्हणजे हरलेल्यांतला. जिंकणाऱ्यासमोर उभे राहून हरलेल्याचा मान राखण्याची ही कला मार्व्हेलने उचलली. नंतर रोमच्या पायाभरणीत सापडलेल्या मुंडक्याचा दाखला देऊन तो नव्या राजवटीचा शुभशकुन सांगतो, आणि शकुन ऐकताना अंगावर काटा येतो. मार्व्हेल राजाचा की क्रॉमवेलचा, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. कवीच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये संग्रह निघाला तेव्हा राजेशाही परत आलेली होती. जवळजवळ सगळ्या प्रतींतून या कवितेची पाने कापून टाकण्यात आली. ती पुन्हा छापली गेली १७७६ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षे इंग्रजीतली ही श्रेष्ठ होरेशियन ओड असून नसल्यासारखी होती आणि तिच्यापासून कुणी काही शिकू शकले नाही.

ती जागा एब्रहम काउलीने भरली. पंधराव्या वर्षी कवितासंग्रह छापून घेतलेला हा गुणी मुलगा राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात राजपक्षाबरोबर पॅरिसला गेला आणि तिथे राणीच्या गोटात सांकेतिक पत्रे लिहिण्या-उलगडण्याचे काम करत राहिला. त्याचा चरित्रकार टॉमस स्प्रॅट सांगतो, की दुसरे एकही पुस्तक जवळ नसलेल्या एका ठिकाणी त्याच्या हाती पिंडर लागला. १६५६ च्या ‘पोएम्स’ या संग्रहात त्याने ‘पिंडरिक ओड्स’ दिल्या. आरंभी पिंडरची दोन भाषांतरे, मग स्वतःच्या रचना: कवितेवर, नवीन वर्षावर, आयुष्यावर, तत्त्वज्ञ हॉब्जवर. प्रस्तावनेत तो म्हणतो त्याचा आशय असा, की पिंडरचे शब्दाला शब्द भाषांतर केले तर एका वेड्याने दुसऱ्या वेड्याचे भाषांतर केले असे लोक समजतील. तेव्हा त्याने शब्द सोडून आवेग घ्यायचे ठरवले. तिकडी टाकली. कडवी वाटेल तेवढी लांब, ओळी कधी चार अक्षरांच्या तर कधी चौदा, यमक हवे तिथे. तळाशी मात्र पंडिती टिपांची रांग, कारण उड्या कळाव्यात ही चिंता होतीच.

गैरसमज तो हा. तिकडीची जुळणी काउलीला माहीत नव्हती असे म्हणता येत नाही. जुनी भाष्ये ती सांगतच होती. पण जो नियम त्याच्या कानाला ऐकू येत नव्हता तो त्याने नियम मानला नाही, आणि त्याच्या वाचकांनी पुढचे पाऊल टाकून ‘पिंडरिक’ म्हणजेच ‘बेबंद’ असा अर्थ पक्का केला. पुढची पन्नास वर्षे इंग्लंडात पिंडरिकांचे पीक आले. राजाचा वाढदिवस, सेनापतीचा विजय, सरदाराचा मृत्यू, सगळ्यांवर पिंडरिक. तरुण जोनाथन स्विफ्टनेही लिहिल्या. त्या वाचून ज्येष्ठ कवी ड्रायडनने, तू कधी कवी होणार नाहीस, असे त्याला सुनावल्याची आख्यायिका आहे. अठराव्या शतकातला समीक्षक सॅम्युअल जॉन्सन याने पुढे काउलीच्या चरित्रात हा सैल छंद आळशांच्या सोयीचा कसा ठरला ते तिखट शब्दांत लिहिले, आणि बव्हंशी ते खरे आहे. पण त्यात एक गोष्ट राहून गेली. ज्यांना ग्रीक-लॅटिनच्या शाळेत प्रवेशच नव्हता अशांसाठी हा सैलपणा उघडे दार ठरला. अॅन फिंचची ‘द स्प्लीन’ ही १७०१ मधली पिंडरिक ओड खिन्नतेच्या आजाराविषयी आहे. तो आजार पकडीत येत नाही, सतत रूप बदलतो. म्हणून सतत रूप बदलणारी ओळ तिथे नेमकी बसते. काउलीचा छंद कशासाठी वापरायचा हे काउलीपेक्षा तिला जास्त कळले होते.

जॉन ड्रायडनने या प्रकाराला कान दिला. अॅन किलिग्रू ही कवयित्री-चित्रकार १६८५ मध्ये पंचविशीत देवीच्या साथीत गेली. तिच्यावरची त्याची ओड सॅम्युअल जॉन्सनला भाषेतली सर्वश्रेष्ठ वाटली. पण अधिक महत्त्वाच्या त्याच्या दोन संगीत-ओड्स. संगीताची अधिष्ठात्री मानलेल्या संत सिसिलियाचा दिवस २२ नोव्हेंबर. १६८३ पासून लंडनचे संगीतप्रेमी त्या दिवशी नवी ओड लिहून घेऊन, तिला चाल लावून, ती वाद्यवृंदासह गाऊन घेत. ड्रायडनची १६८७ ची ओड जोव्हान्नी बात्तिस्ता द्रागी याने आणि १६९७ ची ‘अलेक्झांडर्स फीस्ट’ जेरेमाया क्लार्कने स्वरबद्ध केली. म्हणजे दोन हजार वर्षांनी गायकवृंद ओडकडे परत आला. आणि मौज अशी, की वृंद असूनही ड्रायडन शब्दांनाच वाद्ये करतो: तुतारी, नगारा, बासरी, व्हायोलिन, ऑर्गन यांच्यासाठी ओळीची लांबी, व्यंजने, गती सगळे बदलते. ‘अलेक्झांडर्स फीस्ट’मध्ये टिमोथिअस हा वादक जगज्जेत्या अलेक्झांडरला सुरांच्या तालावर आधी देव बनवतो, मग रडवतो, मग प्रेमात पाडतो आणि शेवटी हाती मशाल देऊन पर्शियाची राजधानी पर्सेपोलिस पेटवायला उठवतो. कडव्यागणिक भाव पालटतो म्हणून कडव्यागणिक छंद पालटतो. काउलीच्या मोकळेपणाला इथे कारण मिळाले. संगीतकार हँडलने १७३६ मध्ये हीच कविता पुन्हा स्वरबद्ध केली.

१७०६ मध्ये नाटककार विल्यम काँग्रीव्हने राणी अॅनला उद्देशून एक ओड छापली आणि तिला छोटा निबंध जोडला. पिंडरइतका नियमबद्ध कवी दुसरा नाही, आणि त्याच्या नावावर खपणाऱ्या इंग्रजी कविता म्हणजे विस्कळीत विचारांची गाठोडी, हे त्याने सरळ सांगितले आणि तिकडी समजावून दिली. त्याची स्वतःची ओड आज कुणी वाचत नाही; निबंध मात्र कामाला आला. १७४९ मध्ये गिल्बर्ट वेस्टने पिंडरच्या निवडक गीतांचे तिकड्या राखून भाषांतर केले, तोवर मोकळ्या पिंडरिकची भरती ओसरली होती.

त्याच सुमारास ओडचा श्रोता बदलला. १७४६ च्या डिसेंबरात जोसेफ वॉर्टन आणि विल्यम कॉलिन्स या मित्रांचे ओड्सचे संग्रह पाठोपाठ निघाले. चिचेस्टरच्या टोपीवाल्याचा मुलगा असलेल्या कॉलिन्सच्या पुस्तकात बारा ओड्स होत्या, आणि त्या बहुतेक करुणा, भीती, साधेपणा अशा भावांना उद्देशून. विजेता नाही, राजा नाही, सेनापती नाही. कवी ज्याला हाक मारतो ते समोर नसतेच, हाकेनेच ते येईल अशी आशा असते. यांतली ‘ओड टू इव्हनिंग’ ही संध्याकाळला घातलेली साद. तिला यमक नाही. दोन लांब आणि दोन आखूड ओळींचे निर्यमक कडवे मिल्टनने होरेसच्या एका प्रेमगीताच्या भाषांतरासाठी घडवले होते, ते कॉलिन्सने घेतले आणि वाक्य इतके लांबवले की पाचव्या कडव्याच्या अखेरीपर्यंत ते संपतच नाही. उजेड कधी संपला ते कळू नये, तशी ओळ कुठे संपली ते कळत नाही. वटवाघूळ आणि भुंगेरा एवढेच आवाज. वॉर्टनच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. कॉलिन्सचे पडून राहिले. पुढे मामाची इस्टेट मिळाल्यावर त्याने प्रकाशकाचे नुकसान भरून दिले आणि उरलेल्या प्रती जाळून टाकल्या, असे सांगतात. वेडाच्या सावलीत १७५९ मध्ये तो वारला.

टॉमस ग्रे याने या सगळ्या धाग्यांची गाठ मारली. १७४७ ची ईटनच्या शाळेवरची ओड होरेसच्या वळणाची, सारख्या कडव्यांची होती. नंतर त्याने पिंडरची तिकडी घेतली. ‘द प्रोग्रेस ऑफ पोएझी’ १२३ ओळींची, ‘द बार्ड’ १४४ ओळींची. दोन्हींत तीन-तीन तिकड्या, ओळीला ओळ जुळवलेल्या. मात्र काउलीनंतरचा आवेग, ड्रायडनचा कान आणि कॉलिन्सच्या पिढीची कल्पनाचित्रे त्या चौकटीत कोंबून भरलेली. ‘द बार्ड’ अर्धवट पडली होती. १७५७ च्या मे महिन्यात जॉन पॅरी हा आंधळा वेल्श हार्पवादक केंब्रिजला आला, त्याचे वादन ग्रेने ऐकले आणि कविता पुरी झाली. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्सचे सगळे भाट मारले, ही दंतकथा तिचा आधार. शेवटचा भाट कड्यावर उभा राहून राजाला शाप देतो, त्याच्या वंशाचा नाश पुढच्या राजांपर्यंत सांगतो आणि कॉन्वे नदीत उडी घेतो. जिंकणाऱ्याची बिरुदावली म्हणून जन्मलेला काव्यप्रकार इथे जिंकणाऱ्याला शाप देण्यासाठी उभा राहिला, आणि तोही पिंडरच्याच काटेकोर तिकडीत.

ग्रेचा मित्र होरेस वॉलपोल याने स्ट्रॉबेरी हिल इथे नुकताच थाटलेला छापखाना ‘ओड्स बाय मिस्टर ग्रे’ने सुरू केला. प्रती २,०००, किंमत एक शिलिंग, कवीला मिळाल्या चाळीस गिनी. मुखपृष्ठावर पिंडरचे ग्रीक वचन, जाणत्यांसाठीच बोलणाऱ्या बाणांविषयीचे. वाचकांनी ते शब्दशः घेतले आणि कविता कळत नाहीत अशी ओरड केली. टिपा द्या, असे मित्रांनी विनवले, ग्रेने नाकारले. १७६० मध्ये रॉबर्ट लॉइड आणि जॉर्ज कोलमन यांनी ‘दुर्बोधता’ आणि ‘विस्मृती’ यांना उद्देशून दोन विडंबन-ओड्स छापल्या. अखेर १७६८ च्या आवृत्तीत ग्रेने टिपा जोडल्या, आणि जोडताना लोकांची समज कमी पडली म्हणून जोडतो आहे, हे सूचित करायला विसरला नाही.

पालग्रेव्हच्या १८६१ मधल्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या कवितासंकलनात मिल्टन, मार्व्हेल, ड्रायडन, कॉलिन्स आणि ग्रे यांच्या या ओड्स एकत्र आल्या, आणि महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिकलेल्या वाचकांपर्यंत त्या याच पुस्तकातून पोचल्या असाव्यात. पण ग्रेच्या तिकडीचा वारसा पुढे फारसा कुणी चालवला नाही. वर्ड्‌स्वर्थने १८०७ च्या आपल्या संग्रहाच्या शेवटी नुसते ‘ओड’ असे नाव दिलेली कविता ठेवली. तिची अकरा कडवी लहानमोठी, ओळी वाटेल तशा लांब-आखूड, यमके मोकळी. म्हणजे ती काउलीच्या जातीची. त्यानंतर चारच वर्षांनी, १८११ मध्ये, जर्मन पंडित आउगुस्ट ब्योक याने पिंडरच्या ओळी खऱ्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते वृत्ताच्या आधारे ठरवून नवी संहिता छापायला सुरुवात केली.